अडीच मीटर अंतरावरून

शूहेई ओगिसोनं जोडलेल्या जाळीच्या सांध्यात कागदाचा कपटाही शिरत नाही, असं किसोच्या खोऱ्यात सगळे म्हणायचे. हिनोकी या सुगंधी लाकडाच्या काडीएवढ्या बारीक पट्ट्या, त्यांना पाडलेल्या खाचा, आणि खाचेत खाच बसवत फुलवलेली फुलं नि तारे. खिळा नाही, स्क्रू नाही. अशा जाळीचं दार सरकवलं की खोलीत उजेड चाळणीतून चाळल्यासारखा पडायचा. हे काम त्याला बापानं शिकवलं. बाप, ताएझो, सत्तरी ओलांडलेला. पण रोजचा पहिला रंधा अजून तोच ओढायचा आणि ओढता ओढता गुणगुणायचा,

ओढ रंधा आपल्याकडे, साल उतरो पातळ,
लाकडाच्या पोटी आहे डोंगराचं जळ.

ताएझोचा एकच नियम होता. पट्टी केसभर आखूड निघाली, की ती शेगडीत. भुसा नि खळ कालवून फट बुजवायची नाही. "बुजवलेली फट गिऱ्हाइकाला दिसत नाही रे," तो म्हणायचा, "पण दाराला माहीत असते."

आणि अशा घरात वाढलेल्या शूहेईनं एक फट बुजवली होती. लाकडातली नव्हे, कागदावरची. त्याला अडीच वर्षं उलटून गेली होती आणि ती त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

त्याची मुलगी कोनोहा तेव्हा तीन वर्षांची झाली होती. तीन वर्षांच्या मुलांची तपासणी नगरपालिकेत असते आणि तिच्याआधी घरी एक पाकीट येतं. पाकिटात प्रश्नांचा कागद असतो, आणि डोनट छापलेला एक पुठ्ठा. प्रत्येक डोनटचा एका बाजूनं घास घेतलेला. आईबापांनी मुलाला अडीच मीटर अंतरावर बसवायचं, कागदी रुमालाची घडी चिकटवून एक डोळा झाकायचा आणि विचारायचं, घास कुठल्या बाजूनं घेतलाय? मग दुसरा डोळा झाकायचा नि पुन्हा तेच. चारातले तीन बरोबर आले की रकान्यात गोल करायचा. गोल म्हणजे बरोबर.

अंतर धरायला पाकिटात एक दोराही होता. शूहेईनं तो आपल्या टेपवर ताणून पाहिला आणि खो खो हसला.

"चिनात्सु, ये, ये, हे बघ! नगरपालिकेचा दोरा दीड सेंटिमीटर आखूड आहे!"

"मग आता काय, महापौरांना बोलावू?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. दोघं बालवाडीपासून एका वर्गातली, त्यामुळं तिच्या तोंडाला कधी झाकण नसे. पण मग तिनंच आईला फोन करून कौतुकानं सांगितलं, "आमच्या शूनं टेपनं मोजून जमिनीवर पेन्सिलची रेघ मारलीय, आई. एवढं कोण करतं?"

पहिल्यांदा त्यानं कोनोहाचा उजवा डोळा झाकला. पोर टाळ्या पिटत सांगू लागली, "वर! खाली! आजोबांकडं! खिडकीकडं!" चारही बरोबर. मग डावा झाकला. आणि ती अशी किंचाळली, की शेजारच्या अंगणातलं मांजर पळून गेलं. घडी ओरबाडून काढली, पाय झाडले, बापाच्या मनगटाला चावली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि चौथ्या दिवशी सकाळी तपासणी होती. त्याच दिवशी गरम पाण्याच्या कुंडांपाशी असलेल्या एका सरायीत बारा दारं पोचवायची होती. चिनात्सु पोस्टात कामाला गेली होती. खाली टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

शूहेईनं घडी नुसती कपाळाला चिकटवली, डोळ्यावर पडली न पडली अशी. कोनोहानं दोन्ही डोळ्यांनी बघून चारही डोनट बरोबर सांगितले. त्यानं मनाशी म्हटलं, दिसतंय की हिला. एवढ्या लांबचं दिसतंय. राग आहे तो चिकटपट्टीचा. आणि त्यानं डाव्या डोळ्यापुढं एक गोल केला, उजव्या डोळ्यापुढं एक गोल केला. शाईनं.

तपासणीच्या वेळी नर्सनं कागद बघितला. "बाबांनी केलं का घरी? वा!" म्हणाली आणि पान उलटलं.

कोनोहा वाढली ती बोलण्यात वाढली. हातात मात्र वाढली नाही. पायरी उतरताना आधी पाय पुढं करून चाचपायची, जसं थंड पाण्यात उतरताना करतात. पेला टेबलावर ठेवायची तो काठाच्या दोन बोटं अलीकडं, हवेतच. कात्री धरली की कागदापेक्षा बाहीच जास्त कापायची. शूहेईला हे सोसायचं नाही. ज्या माणसाचं सगळं पोटपाणी केसभर अंतरावर चालतं, त्याच्या पोटी ही कुठून आली, असं त्याला वाटायचं. आणि ते वाटणं तोंडावर यायचं, आणि पोरीला तोंडावरचं नाही तरी आवाजातलं कळायचं.

गेल्या वसंतात ती कारखान्यात पळत आली आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या दारावरून चालत गेली. काडकन मोडल्याचा आवाज आला. तीन आठवड्यांचं काम होतं.

"डोळे आहेत की खाचा?" शूहेई गरजला.

पोरीनं मान वर केली. तिला वाटलं, बाबा खरंच विचारतोय.

"डोळे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिला कारखान्यात यायची बंदी झाली. ती दाराबाहेर मांडी घालून बसायची आणि आतल्या रंध्याच्या तालावर आजोबांच्या गाण्याला आपली ओळ लावायची,

आजोबांच्या भिवईवर भुशाचं पीठ,
मांजर म्हणे, गोळे करा, मळा मात्र नीट.

"ऐकलंस?" ताएझो म्हणायचा. "ही पोर मंद आहे म्हणतोस? तुला या वयात स्वतःच्या नावाला जोड सापडत नव्हती."

"गाण्यानं दार जुळत नाही, बाबा."

सप्टेंबरात बालवाडीच्या बाईंनी निरोप धाडला. पुढच्या एप्रिलमध्ये कोनोहा शाळेत जाणार, पण तिला अजून त्रिकोण उतरवता येत नाही, ठिपके जोडता येत नाहीत. नगरपालिकेच्या समुपदेशकांकडं एकदा दाखवावं. समुपदेशक म्हणजे सेनगोकु नावाच्या पन्नाशीच्या बाई. त्यांना सगळं गाव सेनसेई, म्हणजे बाई, म्हणायचं. चिनात्सुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शूहेई पोरीला घेऊन गेला आणि मागच्या स्टुलावर बसून राहिला.

आधी तोंडी प्रश्न झाले.

"बर्फ आणि वाफ, यांच्यात सारखं काय?"

"दोन्ही पाणीच," कोनोहा म्हणाली. "एक रुसून बसलेलं, एक पळून चाललेलं."

सेनगोकुबाईंची पेन्सिल थांबली. त्या हसल्या. शूहेईच्या छातीत काहीतरी फुललं.

मग टेबलावर लाल-पांढरे ठोकळे आले. पुस्तकातल्या चित्रासारखी नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची. हे तर आमचं काम, शूहेई मनात म्हणाला. आमच्या रक्तातलं. कोनोहानं चित्रावर मान घातली. आणखी घातली. नाक कागदाला टेकेपर्यंत. मग मान डावीकडं कलती केली, कोंबडी दाण्याकडं बघते तशी. बोटानं ती रेघ शोधू लागली. कागद गुळगुळीत, बोटाला काय लागणार!

"सेनसेई, हे लाल कुठं संपतं?"

"तुला दिसतं तसं लाव, बाळा."

तिनं लावलं. चार ठोकळ्यांची नक्षी, पण दोन ठोकळ्यांमध्ये बोटभर अंतर. दुसरी नक्षी तशीच. तिसरीला ती डोळे चोळू लागली. चौथीला म्हणाली, "मी दमले." हातातलं घड्याळ बंद करत सेनगोकुबाईंनी काहीतरी लिहिलं.

आणि स्टुलावर बसलेल्या शूहेईला त्या कललेल्या मानेकडं बघता बघता एकाएकी टेम्पोचा भोंगा ऐकू आला. अडीच वर्षांपूर्वीचा.  त्यानं हात विजारीला पुसले.

मंगळवारी निकाल ऐकायला नवरा-बायको दोघं गेली. सेनगोकुबाईंनी कागद त्यांच्याकडं फिरवून ठेवला.

"बोलणं, समज, आठवण, यात तुमची कोनोहा वयाच्या दीड वर्ष पुढं आहे. आकार, जागा, मांडणी यात दोन वर्षं मागं. दोन्हींची सरासरी काढली की गुण खाली येतात आणि शाळाप्रवेशाची समिती गुणच बघते. मला लहान वर्गाची शिफारस करावी लागेल. मागं राहणाऱ्या पाच-सहा मुलांचा वेगळा वर्ग. वाईट नाही तो. बऱ्याच मुलांचं तिथं भलं होतं." त्या थांबल्या. "पण एवढी दरी मला खटकते. तीन वर्षांच्या तपासणीत डोळे ठीक होते ना? तुमच्या कागदावर दोन्हीकडं गोल आहेत."

"ठीक?" चिनात्सु पटकन म्हणाली. "सेनसेई, यानं टेपनं मोजून घेतली होती परीक्षा. तुमच्या दोऱ्यातली चूक काढली होती यानं! हो ना, शू?"

शूहेईनं तोंड उघडलं. खिडकीबाहेर डोंगरावर पहिली पिवळी पानं दिसत होती. बायकोचा हात त्याच्या बाहीवर होता.

"हो," तो म्हणाला.

"बरं. तसंही नोव्हेंबरच्या अखेरीस शाळेची आरोग्य तपासणी आहेच, तिथं परत बघतील. पण समितीला तुमचं संमतीपत्र येत्या वीस तारखेच्या आत हवं. विचार करून शिक्का मारा."

घरी आल्या आल्या चिनात्सुनं ते पत्र फ्रीजवर लोहचुंबकानं लावलं, आणि रोज दूध काढताना, अंडी काढताना शूहेईला ते दिसत राहिलं. ओगिसो कोनोहा. सहीच्या जागी पालकांचा शिक्का.

नोव्हेंबरात बघतीलच, तो स्वतःला सांगायचा. तिथं काय ते आपोआप निघेल. मी बोलायलाच हवं असं नाही. डॉक्टर म्हणतील, अरे, हिच्या डोळ्यात दोष आहे. चिनात्सु म्हणेल, अगबाई. मी म्हणेन, अरेच्चा. त्या गोलांचं कुणाच्या लक्षातही राहणार नाही. आणि दोष नसेलच तर? मग उगाच कशाला तोंडाला काळं फासून घ्यायचं? असं म्हणत तो रंधा ओढायचा, आणि साल मध्येच फाटायची. तीन दिवसांत त्यानं अकरा पट्ट्या शेगडीत घातल्या. ताएझो बघत होता. 

शेवटी रविवारी सकाळी त्यानं एक गोष्ट केली. दोष नाही हे स्वतःला दाखवायचं, एवढ्यासाठीच. हिनोकीच्या फळीतून त्यानं पेल्याच्या तोंडाएवढं एक कडं कापलं, एका बाजूनं खाच पाडली, काळा रंग दिला आणि कारखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर टांगलं. पुठ्ठ्यावरच्या डोनटाच्या कितीतरी पट मोठं. बाहेर बसलेल्या कोनोहाला हाक मारली.

"मी आत येऊ?" तिनं उंबऱ्यावरूनच विचारलं. "खरंच?"

"ये."

ती अलगद आली, पाय चाचपत. मधे काही पडलेलं नव्हतं, तरी चाचपत. त्यानं तिला अडीच मीटरवर बसवलं. मागं गुडघे टेकून बसला. आधी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"घास कुठून घेतलाय?"

"वरून! बाबा, हे तू केलंस? माझ्यासाठी?"

 त्यानं तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला. आता ती पावणेसहा वर्षांची होती, शहाणी झाली होती. रडली नाही. चावली नाही. बापानं कारखान्यात बोलावलं होतं, तेवढ्यावर ती खूश होती.

"आता?"

"आता धुकं."

"धुकं नाही गं आज. ऊन आहे. भिंतीवर काय दिसतं?"

"भिंत." मग तिला वाटलं, बाबाला आणखी काहीतरी हवं आहे. "भिंत आणि काळं काळं. बाबा, हा झोपायचा डोळा आहे ना? हा बघायचा नसतो."

"झोपायचा?"

"एक बघायचा डोळा असतो आणि एक झोपायचा." तिनं त्याच्या तळव्याखालून तोंड वळवलं. "तुझा झोपायचा कुठला? डावा की उजवा?"

शूहेईचा तळवा तिच्या गालावर तसाच राहिला. त्याच्या बोटांना तिच्या पापणीची उघडझाप लागत होती, विश्वासानं. ओरडली होती तेव्हा ती. तीन दिवस ओरडून सांगत होती, बाबा, धुकं झालं. तिच्याजवळ तेव्हा शब्द नव्हते, फक्त दात होते.

चिनात्सु ओसरीवर पर्सिमन सोलत बसली होती. सोललेली फळं दोऱ्याला बांधून वळचणीला टांगायची, म्हणजे महिनाभरात वाळून गोड होतात. तिच्या हाताला चिकट रस होता. शूहेई तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"ते गोल खोटे होते."

"कुठले गोल?"

"तीन वर्षांच्या तपासणीतले. डावा डोळा झाकून परीक्षा झालीच नाही. ती रडत होती. टेम्पो आला होता. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतली आणि गोल केले." त्यानं कारखान्याकडं हात केला. "आता बघितलं मी. उजव्या डोळ्यानं तिला काही दिसत नाही. ती म्हणते, तो झोपायचा डोळा आहे."

चिनात्सुची सुरी फळावर फिरत राहिली. साल न तुटता लांबत गेली, लांबत गेली आणि मांडीवर पडली. मग तिनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे त्या बाईंच्या समोर, मी शेजारी बसलेली असताना, तू 'हो' म्हणालास."

"चिनात्सु—"

"ती तीन वर्षांची होती तेव्हा तुला घाई होती. चल, टेम्पो होता, भोंगा होता, ते मी कधीतरी समजून घेईन. पण मंगळवारी तुला कसली घाई होती, शू? मंगळवारी कुठला टेम्पो उभा होता?"

 तुझा हात माझ्या बाहीवर होता, एवढंच उत्तर त्याच्याजवळ होतं. पण ते बोलण्यासारखं नव्हतं.

"मी आईला फोन करून सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखं कोण करतं म्हणून. आणि मी तिचे फोटो काढायचे, मान कलती असलेले, आणि म्हणायचे, बघा कशी लाडात येते. माझं घर आंधळं, शू. मुलगी नव्हे."

ताएझो दारात उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. त्याचं ऐकून झालं होतं. त्यानं मुलाकडं बघितलं नाही, डोंगराकडं बघितलं.

"आज रविवार," तो म्हणाला. "डॉक्टर उद्या. आजच्या दिवस तू माझ्यासमोर येऊ नकोस."

आणि आत जाऊन त्यानं नातीला हाक मारली, "कोनोहा, ये गं, रंध्याशी बस. आजपासून तुझी जागा इथं."

डॉक्टर खोऱ्याच्या खालच्या शहरात होता, दीड तासावर. तरुण, भराभर बोलणारा. त्यानं यंत्रातून बघितलं, डोळ्यात घालायला आठवडाभराचं औषध दिलं, परत बघितलं. मग शाईच्या दोन रेघांनी कागदावर डोळा काढून समजावलं. दोन्ही डोळ्यांना जवळचं दिसायला त्रास. डावा लांबचं बघतो, पण ताण देऊन, आणि जवळचं चित्र त्याला पाच मिनिटांच्या वर पेलत नाही. उजव्याचा नंबर एवढा मोठा, की त्याच्याकडून मेंदूला कधी धड चित्र मिळालंच नाही. म्हणून मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलं. आणि दोन डोळ्यांची चित्रं जुळल्याशिवाय खोली कळत नाही, काठ कळत नाही, पायरी कळत नाही.

"चष्मा लागेल. मग रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे दुसऱ्याला कामाला लावता येईल. सुधारेल."

"पूर्ण?" चिनात्सुनं विचारलं.

डॉक्टरनं कागदाची घडी केली. "तीन वर्षांची असताना आली असती, तर मी हो म्हणालो असतो."

तो असं म्हणाला ते कुणाला बोल लावायला नव्हे. त्याला काही माहीतच नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. चिनात्सु त्या क्षणी नवऱ्याकडं बघेल असं शूहेईला वाटलं, बघावं असंही वाटलं. तिनं बघितलं नाही. ती कोनोहाच्या टोपीची दोरी बांधत राहिली.

अठरा तारखेला त्यानं सेनगोकुबाईंना फोन केला. कोनोहाला घेऊन एकटाच गेला. औषधानं पोरीच्या बाहुल्या बशीसारख्या झाल्या होत्या, उजेड टोचत होता. ती टोपी नाकापर्यंत ओढून बाहेरच्या बाकावर बसली आणि पायांनी ताल धरत काहीतरी गुणगुणू लागली. आत शूहेईनं सगळं सांगितलं. चिकटपट्टी, भोंगा, गोल आणि ते 'हो'. सांगताना तो टेबलाच्या कडेकडं बघत होता. ती कड नीट तासलेली नव्हती, आणि असल्या वेळीही ते त्याच्या लक्षात आलं, याची त्याला लाज वाटली.

सेनगोकुबाईंनी फायलीतून कोनोहाचा कागद काढला.

"बावीस वर्षं मी हे ठोकळे मांडतेय," त्या म्हणाल्या. "तिचं नाक कागदाला टेकलं, ते मी पाहिलं होतं. टिपूनही ठेवलंय, हे बघा. 'चित्राजवळ फार वाकते.' आणि मग तुमच्या कागदावरचे गोल बघितले आणि पुढं गेले. तिला काय समजतं ते मोजायला बसले होते मी. मोजलं काय, तर तिला काय दिसत नाही ते."

"तुमची चूक नाही, सेनसेई."

"माझी किती, ते मी बघेन. तुम्ही तुमची बघा." त्यांचा आवाज चढला नाही. "हीच परीक्षा लगेच परत घेता येत नाही. पोरीला चित्रं आठवतात, गुण खोटे येतात. वर्षभर थांबावं लागेल. पण हे गुण धरू नयेत, डोळ्यांचा इलाज चालू आहे, असं मी समितीला लिहिते. त्याला तुमचं निवेदन जोडावं लागेल. तुमच्या हातानं. काय घडलं ते जसंच्या तसं."

त्यांनी एक कोरा कागद पुढं केला.

शूहेईनं लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं, 'मुलगी रडत असल्यामुळे तपासणी नीट होऊ शकली नाही.' वाचलं. हे तर पोरीच्या अंगावर ढकललं आपण. कागद चुरगाळला, दुसरा मागितला. दुसऱ्यावर लिहिलं, 'कामाच्या गडबडीत.' तोही चुरगाळला. तिसऱ्यावर लिहिलं, 'मुलीचा डावा डोळा झाकून तपासणी झालेली नसताना मी झाल्याची खूण केली. नंतर मला विचारलं गेलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. यात मुलीची काहीही चूक नाही.' खाली नाव लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का तिरका उमटला. तो त्यानं तसाच राहू दिला.

बाहेर आल्यावर कोनोहानं टोपीखालून विचारलं, "तू आत काय लिहीत होतास? मला पेन घासलेलं ऐकू येत होतं."

गाडी उभी होती, पण त्यानं दार उघडलं नाही. तो तिच्याजवळ बाकावर बसला.

"मी एक खोटं लिहिलं होतं. तू लहान होतीस तेव्हा. तुझे दोन्ही डोळे बघतात म्हणून. ते आज खरं करून लिहिलं."

"म्हणजे मी त्या बाईंच्या ठोकळ्यांत नापास नाही झाले?"

"नाही. तुला नीट दिसतच नव्हतं. दोन्ही डोळे बघायचेच असतात, कोनोहा. सगळ्यांचे."

 तिचे दोन्ही पाय हलायचे थांबले. पावणेसहा वर्षांच्या डोक्यात ही गोष्ट फिरून बसायला वेळ लागत होता, आणि तो ते बसणं बघत होता.

"मग तू ओरडायचास ते?"

"ते माझं चुकलं."

"सगळं?"

"सगळं. त्या दारावरून तू चालत गेलीस, तेव्हाचंसुद्धा. सूप सांडायचीस तेव्हाचं. कात्रीचं. सगळ्यांचं मला वाईट वाटतं."

"आणि लाल चपलेचं," कोनोहा म्हणाली.

शूहेईनं आठवून बघितलं. लाल चप्पल. त्याच्या मनात काहीच नव्हतं. ना जागा, ना दिवस, ना शब्द. ओरडणारा तोच असणार, पण त्याच्याकडं त्याची एक काडीही शिल्लक नव्हती. आणि इथं ही पोर ते टोपीखाली जपून बसली होती. अशी आणखी किती असतील, त्याला कळेना. 'त्याचंही' असं म्हणून पुढं जाता आलं असतं. तेवढं सोपं होतं.

"लाल चपलेचं मला आठवत नाही," तो म्हणाला. "काय झालं होतं?"

कोनोहानं टोपी वर सारली. उजेडानं तिचे डोळे पाणावले, तरी तिनं मिटले नाहीत. बापाचं तोंड इतक्या जवळून तिला नुसता एक पुसट गोळा दिसत असणार. त्या गोळ्याकडं बघत, एकेक शब्द जपून मांडत, ती सांगू लागली.